उरलं ते टेम्प्लेट

नानोटे सर नव्या माणसाला पहिल्या दिवशी संगणकाला हात लावू देत नसत. आमचं ऑफिस बेसा भागात, मोबाइलवरच्या लग्नपत्रिका आणि वेबसाइट बनवणारं. मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी माझ्यासमोर एक छापील पत्रिका ठेवली, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या घरच्या लग्नात जे जे बदलते, ते खोड."

मी नवरा-नवरी, तारीख, कार्यालय, सगळे मामा-काका खोडले. गणपती आणि 'अगत्य येण्याचे करावे' एवढंच शिल्लक राहिलं.

"उरलं ते टेम्प्लेट. खोडला तो डेटा. खोडल्या जागी नावं भरते ते इंजिन. झालं, शिकली तू. आता चहा घे."

सरांची उमर गांधीबागेतल्या छापखान्यात लग्नपत्रिकांचे खिळे जुळवण्यात गेली होती. पत्रिका मोबाइलवर आल्या तेव्हा बरोबरीचे लोक नशिबाला बोल लावत बसले. सर पन्नाशीत कोड शिकले. महिरपी कंसांना ते मांडव म्हणत. मांडवात डेटाचं नाव बसवलं की इंजिन तिथे खरं माणूस आणून बसवतं, असा त्यांचा हिशेब. मला तो पुस्तकांपेक्षा लवकर कळला.

मला तो कळणं भागच होतं. नवऱ्याची नोकरी गेलेली, मी बारा वर्षांनी कामावर परतलेली आणि तीन महिने जमलं तरच कायम, असं मालकांनी, म्हणजे राऊत साहेबांनी, स्पष्ट सांगितलेलं. नाही तर बिऱ्हाड उचलून कळमेश्वरला भावाच्या दारात उभं राहायचं, एवढंच हाती होतं.

तिसऱ्या महिन्यात पहिली पत्रिका एकटीने केली. नातेवाइकांच्या यादीसाठी ओळ एकदाच लिहायची, इंजिन ती प्रत्येक नावासाठी फिरवतं. वारलेल्यांच्या नावाआधी 'कै.' लागतं, त्यासाठी वेगळी अट घालावी लागते. सरांनी बजावलं होतं, "पाठवण्याआधी दोन नावं भरून पाहा लागते वं. एक जित्याचं, एक गेलेल्याचं. संगणकाले काय समजते, कोण आहे अन् कोण गेलं?"

घाईत मी 'कै.' थेट ओळीतच लिहिलं आणि न तपासता लिंक पाठवली. नवरीच्या वडिलांनी ती न वाचता साऱ्या गोतावळ्यात धाडली. सकाळी त्यांच्या घरी दुखवट्याचे फोन सुरू झाले. आजोबा, दोन काका, खुद्द वडील, सगळेच कैलासवासी झाले होते.

राऊत साहेबांनी मला आत बोलावलं. "नानोटे सरांनी तपासायचं सांगितलं नव्हतं काय तुम्हाले?"

माझं तोंड उघडण्याआधीच दारातून सर म्हणाले, "नाही सांगितलं. माह्याच ध्यानातून गेलं. तिचा दोष नाही."

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

दुपारी सरांनी मला स्कूटरवर बसवून त्या घरी नेलं. मी आजोबांच्या पाया पडून माफी मागितली. त्यांनी मला निरखून पाहिलं. "मले मारलं ते मारलं. पण माह्या नावाखाली बायकोचं नाव राहून गेलं, ते पहिले टाक." सरांनी तिथेच मोबाइल माझ्या हातात दिला आणि मी उभ्याउभ्या ते टाकलं.

परतताना मी विचारलं, "सर, काहून खोटं बोलले?"

"स्कूटर चालवून राहिलो ना मी. बोलू नको."

मी कायम झाले. सर गेल्या वर्षी वारले. हृदयाने दगा दिला, दोन दिवसांत सगळं संपलं. आता नव्या मुलींना मी शिकवते. परवा मात्र मनातलं ओझं असह्य झालं, तेव्हा राऊत साहेबांच्या समोर बसून खरं काय ते सांगून टाकलं.

"तेव्हाच समजलं होतं मले," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत सर माह्याशी एकदाच खोटं बोलले. ज्याच्यासाठी बोलले, ते माणूस कामावरून काढायची माही हिंमत झाली नाही."