हंसराज आणि चहाचा डबा

आईने पुण्याहून हंसराज आणला तो चहाच्या लहानशा डब्यात लावून, गाडीत मांडीवर धरून. गुडगावच्या आमच्या नव्या वसाहतीत तेव्हा सावलीपुरतंही झाड नव्हतं, म्हणून तो नाजूक नेचा तिने बाथरूमच्या खिडकीत ठेवला. उन्हाळाभर तिथेच जपला. तरी पानांच्या कडा करपत गेल्या, मुळं डब्याच्या भोकांतून बाहेर आली.

"मोठ्या कुंडीत लावूया ना," बायको म्हणायची.

"दसऱ्याला परत न्यायचाच आहे. प्रवासाआधी मुळं हलवू नयेत," आई सांगायची आणि माझ्याकडे वळायची. "तिकीट काढलंस का रे?"

"बघतो."

तिच्या पुण्यातल्या भाड्याच्या खोल्या मी तिला न विचारताच सोडल्या होत्या. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका रविवारी शेवटच्या हिरव्या पानानेही मान टाकली. आई त्यावर पाणी शिंपडत होती. मी बाथरूमच्या दारात उभा राहून सांगून टाकलं, "आई, त्या खोल्या मी सोडल्यात. परत जायचं नाहीये."

"कधी सोडल्यास?"

"तू आलीस त्याच महिन्यात."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती डब्याकडेच बघत राहिली.

"मग इतके महिने याला या डब्यात का कोंडायला लावलंस मला?"

कुंडी आणतो म्हणून मी बाहेर पडलो, आणि खरं सांगायचं तर तिच्यासमोरून हलता आलं, याचंच मला बरं वाटलं.