मास्तरांच्या गाडीतली तार

गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खा रस्ता मास्तर म्हणायचा. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. उलट नववीतच शाळेने त्यांना आणि त्यांनी शाळेला रामराम ठोकला होता. पण गिऱ्हाइकाला चार शब्द सुनावल्याशिवाय त्यांचा पाना हलायचा नाही. हॉर्न वाजत नाही म्हणून आलेला माणूस हॉर्नसोबत बॅटरीची निगा, दिव्यांचा वापर आणि आजकालच्या मेकॅनिकांचा आळस एवढ्या विषयांवरचं व्याख्यान ऐकूनच घरी जायचा. काम मात्र चोख. त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे.

दुकान एका शटरचं. भिंतीवर वायरींची भेंडोळी, खाली पत्र्याचं टेबल, आणि शटरच्या आत, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर, लाल रंगात हाताने रंगवलेली पाटी: ‘फ्यूजच्या जागी तार लावून मिळणार नाही. आग्रह करू नये.’ एखाद्याच्या गाडीत तशी तार सापडली की मास्तर ती चिमट्यात धरून रस्त्यावर आणायचे आणि चारचौघांत विचारायचे, “ही कोणाची करामत?” मालक ओशाळला की मास्तरांना मनापासून बरं वाटायचं. “फ्यूज कशाला असतो? नखाएवढा तुकडा, पण तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. तार जळत नाही, म्हणून गाडी जळते. कळलं?” कळलं नाही असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

घरी त्यांची बायको म्हणायची, “जगात उजेड पाडतात, आणि मोरीतला दिवा तीन महिने झाले लुकलुकतोय.” त्यावर मास्तर पेपर वर धरायचे.

या घरात चार वर्षांपूर्वी सून आली. इमारतींचे नकाशे काढणारी, बोलायला कमी आणि कामाला वाघ. एका मोठ्या ऑफिसात ती दुसऱ्यांच्या नावावर जाणारे नकाशे काढत होती. सहा महिन्यांपूर्वी तिने ती नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला स्वतःचं ऑफिस थाटलं. मास्तरांना ती फार आवडायची, आणि त्याचं कारण साधं होतं. घरात त्यांचं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटीच होती. नुसतं ऐकायची नाही, प्रश्नही विचारायची. मास्तर खूश व्हायचे.

तिला पहिलं स्वतःच्या नावाचं काम मिळायची वेळ आली. पाच तासांच्या अंतरावरच्या एका गावात सार्वजनिक वाचनालय बांधायचं होतं. शेवटच्या फेरीत दोघंच उरले होते, ती आणि दुसरा एक अनुभवी माणूस. समितीने तिला एक बदल सुचवला होता: पायऱ्या काढून म्हाताऱ्यांना, व्हीलचेअरवाल्यांना येता येईल असा उताराचा रस्ता दाखवा, रविवारी दुपारी तीनला घेऊन या. तेवढ्या एका उतारासाठी अख्खं प्रवेशद्वार नव्याने मांडावं लागलं. शनिवार संपत आला तरी नकाशे पुरे झाले नव्हते.

“गाडीत बसून करेन,” ती म्हणाली. “पण बाबा, माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. प्लग काढला की तो बंदच पडतो.”

मुलाची रविवारी ड्यूटी होती, तेव्हा गाडी मास्तरच चालवणार होते. हा प्रश्न तर साक्षात त्यांच्या अंगणात येऊन पडला होता.

“एवढंच ना?” ते म्हणाले. “गाडीत तुला घरासारखी लाइट देतो. बघच तू.”

त्यांनी दुकानातून इन्व्हर्टर आणला. डब्यासारखी वस्तू, एक टोक गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायचं, दुसऱ्या बाजूला घरासारखा प्लग लावायचा. लॅपटॉप लावला, चालला. सून खूश झाली. तिथे थांबले असते तर ते मास्तर कसले! “हे काहीच नाही,” म्हणत त्यांनी घरातला टेबलफॅन आणून त्याच डब्याला लावला. पंखा गरकन एक फेरी फिरला आणि सगळंच बंद पडलं.

“फ्यूज उडाला,” मास्तर हसून म्हणाले. “म्हणजे बघ, फ्यूजने आपलं काम केलं.”

एवढ्यात सुनेचा फोन वाजला आणि ती आत गेली. मास्तरांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि खिशातली फ्यूजची डबी काढली. दहा अँपिअरचे होते, तीसचे होते. पंधराचा निळा फ्यूज एकही नव्हता. दुकान चालत वीस मिनिटांवर. पण सून परत येणार, आणि एवढ्या मास्तरांकडे साधा फ्यूज नाही हे तिला दिसणार! त्यांनी वायरीच्या तुकड्यातून तांब्याचे चार धागे काढले, पिळले, आणि फ्यूजच्या जागी खोचले. झाकण लावलं. पुरतं मिनिटही लागलं नाही. सकाळी जाता जाता दुकानातून घेऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि आपण बरोबर तेच सांगतोय जे गिऱ्हाइकं आपल्याला सांगतात, हेही त्यांच्या लक्षात आलं.

सून बाहेर आली. “बाबा, फ्यूज बरोबर ना?”

“तू निश्चिंत राहा,” मास्तर म्हणाले.

सकाळी निघायला उशीर झाला. दुकानाचा रस्ता आला तेव्हा मास्तरांनी गाडी जराशी हळू केली. थांबायचं तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. त्यांनी गाडी पुढे काढली.

चार तास सगळं झकास चाललं. सून मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, आणि आरशात मास्तरांना तिची खाली झुकलेली मान दिसत होती. मधून मधून ती म्हणायची, “बाबा, तुमची लाइट मस्त चाललीय हं!” आणि दर वेळी मास्तरांची नजर स्टिअरिंगखालच्या झाकणाकडे जायची. एकदा तर तिने हौसेने आपल्या फोनचा चार्जरही त्याच डब्याला लावला. मास्तर काही बोलले नाहीत. फोनने काय होतंय?

गावाच्या अलीकडे तासभर रस्ता उखडलेला होता. खड्ड्यांनी गाडी हेलकावे खाऊ लागली. सॉकेटमधला प्लग हादऱ्यांनी सैल झाला, तापला, आतल्या आत वितळला आणि आतल्या वायरी एकमेकींना चिकटल्या. निळा फ्यूज असता तर क्षणात उडाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. तार काही उडाली नाही. आधी वास आला, मग डॅशबोर्डच्या फटीतून धूर. मास्तरांनी गाडी कडेला घातली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडून धावत बॅटरीची वायर सोडवली. परत आले तेव्हा सून समोरच्या दारातून वाकून सॉकेटमधला प्लग ओढून काढत होती. प्लग काळा पडला होता. इन्व्हर्टर गेला होता, त्याच्यासोबत लॅपटॉपचा चार्जरही. स्क्रीन काळीभोर. सकाळपासूनचं सगळं काम त्या काळ्या स्क्रीनच्या आत.

ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. “बाबा, माझ्यामुळे झालं का हो? मी फोनचा चार्जर पण लावला होता.”

आता इथे मास्तरांनी काय बोलायला हवं होतं हे तुम्हालाही कळतंय आणि त्यांनाही कळत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा चिमट्यात धरून नाचवणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“दोन-दोन गोष्टी एकदम लावायच्या नसतात,” ते म्हणाले. “विचारायचं होतं मला.”

तिने मान हलवली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. मास्तरांनी जळकी वायर कापून बाजूला केली, बॅटरी जोडली, गाडी चालू केली. हात सराईत होते, ते आपले काम करत होते. चेहरा मात्र तापला होता, कान तापले होते. झाकण उघडून ती तार काढून फेकावी असं शंभरदा मनात आलं, पण ती शेजारीच येऊन बसली होती.

गावात तसला चार्जर मिळाला नाही. नगरपालिकेच्या सभागृहात समितीची पाच माणसं बसली होती. मास्तर मागच्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. सुनेकडे जुने छापलेले नकाशे होते, पायऱ्यांचे. तिने त्याच कागदावर पेन्सिलने उतार काढून दाखवायला सुरुवात केली. चांगलं सांगत होती, पण चष्मेवाले अध्यक्ष म्हणाले, “हे आम्हाला छापील हवं होतं. तसं कळवलं होतं ना?”

“हो,” ती म्हणाली. “वाटेत लॅपटॉप बंद पडला. माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. माफ करा.”

मास्तरांना वाटलं, उठावं, सांगावं, की साहेब, हिचा काही दोष नाही, दोष या मागे बसलेल्या म्हाताऱ्याचा आहे. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पाचच माणसं, आयुष्यात परत कधी न दिसणारी. त्यांच्यापुढेही त्यांची मान वर होईना. ते बसून राहिले. आणि आपण बसून राहिलो आहोत हे स्वतःच बघत राहिले. तसली लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

समितीने विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. सुनेने कागद गुंडाळले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, तुम्ही चहा घ्या, मी गाडीत बसते. किल्ली द्या.” मास्तरांनी किल्ली दिली. ते टपरीवर जाऊन बसले. परतीच्या पाच तासांत मधेच एकदा तिने विचारलं, “पाणी हवंय का?” आणि त्यांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सगळ्यांच्या आधी उठून गाडीपाशी गेले. तार काढायची आणि लांब कुठेतरी फेकून द्यायची. त्यांनी झाकण उघडलं. तारेच्या जागी नवाकोरा निळा फ्यूज बसवलेला होता. कडेचं प्लॅस्टिक जरा वितळलं होतं, तरी नीट दाबून, सरळ बसवलेला, अगदी त्यांनीच शिकवलं होतं तसा. खालच्या कप्प्यात फ्यूजचं कागदी पाकीट होतं, आणि त्या पाकिटात घडी घालून ठेवलेले तांब्याचे ते चार काळपट धागे.

मास्तर गाडीत तसेच बसून राहिले. म्हणजे तिने प्लग काढताना खाली वाकून झाकणाच्या आतही पाहिलं होतं. नंतर तिने ‘माझ्यामुळे झालं का’ असं विचारलं, ते त्यांना बोलायची संधी म्हणून. आणि सभागृहात ती माफी मागत होती तेव्हाही तिला सगळं माहीत होतं. चहाच्या वेळी किल्ली मागितली, तीही गावातून फ्यूज आणून बसवायला.

ते घरात आले. ती टेबलाच्या टोकाला, रात्रीच शेजाऱ्यांकडून मागून आणलेला लॅपटॉप उघडून बसली होती. बायको स्वयंपाकघरात होती. मास्तरांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

“मी लावली होती,” ते म्हणाले. “फ्यूज नव्हता. तुझ्यासमोर कमीपणा वाटला.” त्यांनी पाकीट तिच्याकडे सरकवलं. “आणि मग तुझ्यावर ढकललं.”

तिने पाकिटाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

“बाबा, चार्जरचं मला काही वाटलं नाही,” ती म्हणाली. “काम गेलं तरी दुसरं येईल. पण तुम्ही म्हणालात ना, दोन गोष्टी एकदम लावायच्या नसतात, विचारायचं होतं मला. ते लागलं. मी विचारलं होतं तुम्हाला.”

त्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी मोरीतला दिवा बदलला. कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी काही म्हटलंही नाही.

वाचनालयाचं काम दुसऱ्याला मिळालं. ती तार आता दुकानात पाटीखालच्या खिळ्याला लटकलेली असते. “ही कोणाची करामत?” असं एखादं गिऱ्हाईक मास्तरांच्याच सुरात विचारतं, तेव्हा ते मान खाली घालून म्हणतात, “माझी.” लोकांना वाटतं मास्तर गंमत करतायत, आणि लोक हसतात.

तीन महिन्यांनी सुनेला दुसऱ्या एका गावात जायचं होतं, एका शाळेच्या इमारतीसाठी. मुलगा मोकळा होता, तरी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही चला.” मास्तरांनी सॉकेट नवीन घातलं होतं, वायर जाड टाकली होती, चांगला इन्व्हर्टर आणला होता. आदल्या दिवशी दहा वेळा तपासून झालं होतं. निघताना ती मागच्या सीटवर बसली आणि प्लग हातात घेऊन थांबली.

“बाबा, फ्यूज बरोबर ना?”

निश्चिंत राहा, हे शब्द मास्तरांच्या जिभेवर आलेच होते. त्यांनी ते गिळले. गाडीतून उतरले, स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं, टॉर्च लावून तिच्या हातात दिला आणि बाजूला उभे राहिले.

“तूच बघ,” ते म्हणाले.

राहू दे हो बाबा, असं ती म्हणेल अशी एक वेडी आशा त्यांना होती. ती म्हणाली नाही. ती उतरली, खाली वाकली आणि चांगला वेळ घेऊन, एकेक फ्यूज नीट बघत राहिली.