मांजरीच्या पोटाची पट्टी

आमच्या घरात ऑपरेशन या शब्दाचा एकच अर्थ होता. ऑपरेशन म्हणजे बाईचं, मुलं बंद करायचं. ते मला करायचं होतं आणि सासूबाई करू देत नव्हत्या.

दुसऱ्या मुलीच्या वेळी माझं रक्त थांबेना. माहेरी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिसऱ्या खेपेला वाचशील याची खात्री नाही. सुरतला आल्यावर मी हे घाबरत घाबरत सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर ते काय बी सांगतस." मला दोन्ही मुलीच होत्या, हे एक. दुसरं म्हणजे, गावाकडे शाळेत भरलेल्या कॅम्पात ऑपरेशनला गेलेली त्यांची धाकटी बहीण घरी परत आली नव्हती. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "आईला विचार," आणि लूमवर, कापडाच्या कारखान्यात, निघून जायचा.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. आम्ही डिंडोलीत एका खोलीत राहत होतो. मी पलीकडच्या सोसायटीत एका गुजराती बेनकडे भांडी घासायला जायचे. तिच्या ओट्यावर एक करडी मांजर असायची, सारखी व्यायची. पिल्लं बोके खाऊन टाकायचे. बेनला ते बघवेना, म्हणून तिने जनावरांच्या डॉक्टरकडून मांजरीचं ऑपरेशन करून घेतलं. पण तिच्या घरी तेव्हाच लग्न निघालेलं. मला म्हणाली, "टांका नीकळे त्यां सुधी तारे त्यां राख ने." टाके निघेपर्यंत तुझ्याकडे ठेव. मला नाही म्हणता आलं नाही.

मी मांजर टोपलीत घालून आणली. शेजारीण ओट्यावरूनच ओरडली, "मांजरनं बी ऑपरेशन? मंग सरकारनी काय दिधं व, बादली का डबा?" बायांच्या ऑपरेशनला सरकार असं काहीबाही द्यायचं, म्हणून सगळ्या बाया हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. प्लेगनंतर उंदरांच्या भीतीने मांजरीला कोणी हाकलत नव्हतं, म्हणून त्यांनी टोपली आत येऊ दिली. मग वाकून बघत राहिल्या. मांजर भुलीतून पुरती बाहेर आली नव्हती. डोळे अर्धे उघडे, जीभ बाहेर. पोटावरचे केस काढलेले आणि तिथे काळ्या दोऱ्याचे टाके.

"हाई मरी जाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जगनी ते तू बी जाय ऑपरेशनले. मरनी ते मन्हा पुढे पुन्हा नाव काढानं नही."

"हो, बाई," मी म्हटलं. त्यानंतर भाकरी थापतानाही माझं लक्ष त्या टोपलीत असायचं, पोट वरखाली होतंय की नाही.

टाके चाटू द्यायचे नाहीत, पोटाला फडकं गुंडाळायचं, असं डॉक्टरने सांगितलं होतं. फडक्यांची मला काय कमी! दुपारी मी घरी साड्यांचे धागे कापायचं काम करायचे, कोपऱ्यात तुकडे पडलेलेच असायचे. एक मऊ गुलाबी तुकडा घेतला, पायांसाठी भोकं पाडली आणि पाठीवर गाठ मारली. मुलींना ते फार आवडलं. नवरी दिसते म्हणाल्या.

नंतर मांजरीने दूध प्यायचं सोडलं. हात लावला तर अंग तापलेलं. कापड सोडलं तर आत सगळं चिकट ओलं, टाक्यांभोवती लाल, आणि वास येत होता. ते कापड पॉलिस्टर होतं. पाणी पीत नाही, वारा आत जाऊ देत नाही. सुरत साऱ्या मुलखाला साड्या पुरवते, पण आमच्या खोलीत चादरीपासून पडद्यापर्यंत सुताचा धागा नव्हता. सुती होती ती फक्त सासूबाईंची लुगडी.

त्यांच्याकडे मागणार कशी? मांजर मेलेलीच त्यांना हवी आहे, असं मला वाटत होतं. मी ते ओलं कापड हातात घेऊन त्यांच्यासमोर नुसती उभी राहिले. त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हाऊ कपडा बांधा व्हता? येडी व्हयनी का तू? जखम शिजी गई ना!"

त्या उठल्या. पेटीतून धुऊन धुऊन विरलेलं लुगडं काढलं, काठाला दात लावला आणि टर्रकन पट्टी फाडली. मी बेनकडे पळाले. मागच्या दाराशी उभी राहिले, लग्नाच्या गर्दीतून ती बाहेर येईपर्यंत. तिने डॉक्टरकडून गोळ्या आणवल्या. घरी आले तर सासूबाईंनी जखम पुसून पट्टी बांधलेली, बाळंतिणीला बांधतात तशी, पण खाली दोन बोटं जातील एवढी सैल. मांजरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होत्या, "पडी ऱ्हाय, माय. पडी ऱ्हाय." माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली. त्यांचे हात मला माहीतच नव्हते.

मी गोळी कुटून दुधातून चमच्याने पाजत राहिले. बरेच दिवस ती तशीच पडून होती. मग एका सकाळी उठली, स्टोव्हपाशी गेली आणि बोंबलाच्या डोक्यासाठी ओरडली. मला रडू आलं. टाके निघाले, बेन तिला घेऊन गेली.

सासूबाईंनी शब्द पाळला. "जाय मंग," म्हणाल्या. मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरने तपासलं आणि म्हणाली, "दिवस गेलेत तुला. आता कसलं ऑपरेशन? बाळंत झाल्यावर ये." पाळी चुकली होती ती मी अशक्तपणावर घातली होती. त्या दिवसांत माझं सगळं लक्ष मांजरीच्या पोटाकडे होतं.

घरी आले तर सासूबाई दारात बसलेल्या. त्यांना वाटलं, तारीख घेऊन आले. मांजरीची पट्टी त्यांनी उकळून धुतली होती, घडी घालून मांडीवर ठेवली होती.

"ठेव," म्हणाल्या. "तुले लागी."

मला सांगता आलं नाही. मी पट्टी घेतली आणि आत गेले.

ती लागली, पण बाळंतपणानंतर. बाळ राहिलं नाही, मी राहिले. ऑपरेशन डॉक्टरांनी त्याच वेळी केलं, मला कोणी विचारलं नाही आणि सासूबाईंनाही नाही. घरी आल्यावर त्यांनीच ती पट्टी माझ्या पोटाला बांधली, खाली दोन बोटं घालून बघितली.