कोपरा कापलेले कार्ड

माझ्या पहिल्याच पत्राने आमच्या घरातले एक माणूस मेले. कोणते, हे मात्र दुपार कलेपर्यंत कोणालाच कळले नाही. मलाही नाही!

चोपन्न सालची गोष्ट. तळवड्याच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. (माझे चुलते तात्या तिसरीपर्यंत शिकले आहेत असे ते सांगतात. पण वाचायची वेळ आली की त्यांचा डोळा दुखतो.) माझी धाकटी बहीण यमुना हिची सोयरीक चाकणच्या एका घरात जुळत आली होती. आधीची दोन स्थळे मोडलेली, त्यामुळे आईला घोर लागलेला. शनिवारी दुपारी पाहुणे सुपारी फोडायला येणार होते. मी पुण्याहून कार्ड टाकले, की मीही येतो. (न टाकताही गेलो असतो. पण कॉलेजात शिकणाऱ्याने पत्र पाठवावे, असे मला आपले वाटले.)

आता, शुभकार्याच्या पत्राला कोपऱ्यावर कुंकू लावतात. वसतिगृहात कुंकू कुठले? मी तांबड्या शाईचा एक थेंब टाकला. तो पसरत पसरत रुपयाएवढा झाला! असे रक्ताळलेले पत्र घरी जाणे काही बरे नव्हे, म्हणून मी पट्टी लावून तो कोपरा कात्रीने व्यवस्थित कापून टाकला. काम इतके नीट झाले, की मी ते शेजारच्या खोलीतल्या मुलांनाही दाखवले.

आमच्याकडे कोपरा फाडलेले पत्र कशाचे असते, हे लहानपणापासून माहीत असून मला त्या वेळी आठवले नाही. मयताचे! असले पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच वाचून फाडून टाकतात.

पुढचे मला घरच्यांनी नंतर सांगितले, आणि प्रत्येकाने वेगळे सांगितले. शनिवारी सकाळी पोस्टमन आला. एरवी तोच सगळ्यांची पत्रे वाचून दाखवी. त्या दिवशी त्याने लांबूनच हात पुढे केला.

"घ्या तात्या. कोपरा न्हाई ह्याला."

"वाच की मग."

"आपल्याच्यानं न्हाई होत. मागं कुरुळीत वाचलं, तर बाया माझ्याच गळ्यात पडून रडल्या!" आणि सायकलवर टांग टाकून तो गेला.

शाळेचे मास्तर गावी गेलेले. तात्यांचा डोळा लगेच दुखू लागला. पण न वाचताही निकाल लावता येतो, हे तात्यांनी दाखवून दिले.

"पुनावळ्याचं म्हातारं गेलं," ते म्हणाले. "दुसरं जाण्यासारखं कोन हाय?"

पुनावळ्याचे म्हातारे म्हणजे माझ्या आईचे वडील. गेली पाच वर्षे ते दर अमावस्येला "ही काय मी काढत न्हाई" म्हणत आणि काढीत. आईने तिथेच अंगणात हंबरडा फोडला. वडिलांचे दुःख होतेच, शिवाय सुतक. सुतकात सुपारी कशी फुटणार? तिसरे स्थळही गेले!

यमुना तेवढी म्हणाली, "तात्या, आजोबा गेलं तर माणूस सांगाय येईल. तीन तासाची वाट, पत्र कशाला धाडतील?"

"लग्नाच्या पोरीनं मधी बोलू न्हाई," तात्या म्हणाले. पत्र घरात न्यायचे नाही म्हणून ते त्यांनी गाडीच्या साटीत, फळ्यांच्या फटीत, खोचले. पाहुण्यांना निरोप द्यायला शेजाऱ्यांना सांगून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैल जुंपले.

मी दुपारी मित्राची सायकल मारीत घरी पोचलो, तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "पुनावळ्याला गेलीत सारी. तुझा आजा गेला न्हवं? पत्र आलंय!"

पत्र कोणाचे, हे विचारायचे मला सुचले नाही. मी तसाच सायकलवर बसलो आणि रडत रडत पवना ओलांडून पुनावळ्याला गेलो.

तिथे माझ्या आधी निराळाच घोटाळा झाला होता. माहेरी मयताला जाताना बायका पदर तोंडावर घेऊन, गल्लीच्या तोंडापासून रडत जातात. आई तशीच गेली आणि ओट्यावर जे कोणी बसले होते त्याच्या गळ्यात पडली. ते आजोबाच होते! शेंगा फोडत बसले होते.

"काय झालं गं? कोन गेलं?" आजोबांनी विचारले.

वडिलांचा आवाज ऐकून आईने किंकाळी फोडली. मग पदर काढून पाहिले. मग आणखी मोठी किंकाळी फोडली. कारण आजोबा जिवंत, आणि पत्र तर आलेले! घरचे बाकी सगळे गाडीत. गाडीत नाही असा एकच, पुण्याचा.

"माझं लेकरू गेलं!" आईने जमिनीवर अंग टाकले.

आणि नेमका मी पोचलो. सगळ्यांची तोंडे आईकडे, मला कोणी पाहिले नाही. रडण्याचा कल्लोळ ऐकून माझी तर खात्रीच पटली. समोर एक म्हातारा "नातू गेला रं माझा!" म्हणून ऊर बडवीत होता. मी "आजोबा गेले हो!" म्हणत त्याच्या गळ्यात पडलो. अशा रीतीने आजोबा आणि मी एकमेकांना घट्ट धरून, एकमेकांच्या मरणावर मनसोक्त रडलो.

आबांनी आधी मला चाचपले, मग आजोबांना. मग सगळी माणसे दोनदा मोजली.

"समदी हायेत. मग मेलं कोन?"

तेवढ्यात दारात दुसरी गाडी थांबली. चाकणचे पाहुणे! तळवड्यात कळले म्हणून रिकाम्या घरून परत न जाता ते दुःखात भेटायला आले होते. होणारे व्याही फेटा हातात घेऊन, मान खाली घालून उतरले.

"वाईट झालं," ते आजोबांनाच म्हणाले. "कोन गेलं म्हनायचं?"

"आधी मी," आजोबा म्हणाले, "मग ह्यो. आता बघायचं चाललंय."

आई पदराआडून हळूच म्हणाली, "सुतक हाय का न्हाई, ते तरी कळू द्या रं."

आबांनी साटीतून कार्ड काढून माझ्या हातात दिले. "वाच. एवढं शिकवलंय तुला."

मी उलगडून पाहिले. (कार्ड उलगडायचे नसते, हेही मला त्या वेळी आठवले नाही.)

"काय झालं? कोनाचं हाय?" आबांनी विचारले.

"अक्षर... ओळखीचं वाटतंय," मी म्हणालो.

"वाच म्होरं!"

"तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी शनिवारी येत आहे. आबांनी नवा फेटा बांधावा. पाहुण्यांपुढे तात्यांना फार बोलू देऊ नये. आपला..." पुढे माझे नाव होते. ते मी अगदी हळू वाचले.

तात्यांचा डोळा एकाएकी बरा झाला होता आणि ते दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते.

व्याह्यांनी विचारले, "आन् समद्यांत कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई?"

"यमी म्हनली हुती," आजोबांच्या जिवंतपणाने सैल झालेली आई पटकन बोलून गेली. "म्हातारं गेलं तर मानूस येईल, पत्र कशाला? पन तिचं ऐकतंय कोन?"

व्याह्यांनी फेटा पुन्हा डोक्यावर चढवला. "मग काय! घरात एक तरी शहानं मानूस हाय, आन् तेच आमच्याकडं येतंय. आना सुपारी!"

सुपारी मयताच्या अंगणात, मयतानेच स्वतःच्या अडकित्त्याने फोडली.

यमुनेचे लग्न झाले. मी अजून शिकतोच आहे. यंदा इंटरचे गुणपत्रक टपालाने घरी आले, तेव्हा आईने ते उंबऱ्याबाहेर उभे राहून घेतले, एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि वळून आबांना सांगितले, "चारी हायेत. पास झाला!"

इंग्रजीत मी नापास होतो. पण आता आईला पत्र लिहून कळवायचे धैर्य माझ्यात राहिलेले नाही.