ढगांचं परमिट

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी तीस वर्षं काढली, आणि नातीला मात्र सांगितलं की आजोबा ढग बनवायचे. मुद्दाम थाप मारली नव्हती. नाशिकरोडच्या आमच्या गच्चीवरून तिथले कूलिंग टॉवर दिसतात, त्यांच्या तोंडातून वाफ निघते. साडेतीन वर्षांच्या पोरीने विचारलं, "तिथं ढग करतात का?" आता तिला बाष्पीभवन समजावत बसणारा आजोबा मी नाही. हो म्हणालो.

मग खेळ वाढतच गेला. आमच्या कामाची शिस्त अशी, की परमिट असल्याशिवाय साध्या पंपालाही हात लावायचा नाही. कागदावर काम लिहायचं, साहेबाची सही आणि खाली वेळ घ्यायची, मगच सुरुवात. ती शिस्त मी गच्चीवर आणली. ढग हवाय? परमिट आण. ती कागदावर ढग काढायची, मी सही ठोकून वेळ घालायचो, आणि वाफेचा पुढचा लोट सुटला की दोघं टाळ्या पिटायचो. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नाही, हे कबूल करतो.

गडबड अशी झाली की एकदा कागद संपले, आणि पोरीने सुनेने आणलेली कार्डं घेतली. ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल. इंग्रजी शाळेच्या मुलाखतीसाठी सून तिच्याकडून ती रोज घोकून घ्यायची. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर ढग आणि खाली माझी सही बघून ती भडकलीच.

"बाबा, तुमचं ठीक आहे. मुलाखतीत हिला काही आलं नाही तर?"

तिचंही खरं होतं. नांदगावला शिकून ती नाशिकच्या कॉलेजात आली, तेव्हा इंग्रजीपायी तिने सगळ्यात मागच्या बाकावर मान खाली घालून दिवस काढले होते. लेकीवर ती वेळ नको, एवढंच तिचं म्हणणं. मी खेळ बंद केला. पोरगी दोन दिवस माझ्यावर रुसून बसली.

मुलाखतीच्या दिवशी मुलगा ड्युटीवर होता, म्हणून सुनेबरोबर मी गेलो. नातीने ॲपल, बॉल, कॅट धडाधड सांगितलं. सुनेचा चेहरा खुलला. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ढगाचं चित्र असलेलं कार्ड पुढे केलं आणि विचारलं, "व्हॉट इज धिस?"

नातीने कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, कोरी बाजू बाईंना दाखवली आणि माझ्या जुन्या साहेबाच्या गांभीर्याने म्हणाली, "यावर सही नाहीये. हा सोडता येणार नाही."

मला हसू आवरेना. बाईंनी पुढची तीन-चार कार्डं दाखवली, पण पोरीने प्रत्येक कार्ड उलटून फक्त सही शोधली. परतताना रिक्षात सून फोनवर दुसऱ्या शाळा शोधायला लागली, आणि माझं हसू जागच्या जागी जिरलं.

शाळेच्या यादीत नातीचं नाव नव्हतं. त्या संध्याकाळी मी नातीला घेऊन गच्चीवर बसलो होतो आणि मनातून पार खजील झालो होतो. पोरीच्या वाटेत मीच आडवा आलो, असं वाटत होतं. तेवढ्यात सून वर आली, हातात कार्डांचा गठ्ठा. मी मुकाट ऐकून घ्यायची तयारी केली.

"कॉलनीतल्या मराठी शाळेचा फॉर्म आणलाय," ती म्हणाली. मग लेकीशेजारी खाली बसून तिने एक कार्ड पुढे केलं. "माझ्या आईकडं नांदगावला लय दिवस झाले, पाऊस नाय. एक पाठवता येईल का गं?"

आमच्या घरात ती असं माहेरचं कधी बोलत नाही.

"मोठा की छोटा?" नातीने विचारलं.

"मोठा."

पोरीने कार्डभर ढग काढला. मी सवयीने खिशातलं पेन काढलं, तर तिने कार्ड बाजूला ओढलं. "आजोबा, तुम्ही रिटायर झालात ना?" आणि कार्ड आईसमोर धरलं.

सुनेने माझ्या हातातलं पेन घेऊन पूर्ण नावाने सही केली, खाली वेळही घातली. वाफेचा पुढचा लोट सुटला, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या तिनेच वाजवल्या.