पुलापलीकडच्या गावात आई

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाद नको. भूत, करणी, बाहेरचं... असलं काही आमच्या घरात कुणी बोललं की आई त्याला सतराचा पाढा म्हणायला लावायची. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या एका शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं. वडील, म्हणजे अण्णा, सरकारी नोकरीत. मी बँकेत. गच्चीवर काहीतरी दिसलं असं कुणी सांगितलं की मी आधी त्याच्या चष्म्याचा नंबर विचारतो. तरी आज इथं लिहितोय, कारण तुमच्यापैकी कुणाला असा काही अनुभव आला असेल तर त्यानं मला सांगावं. धीर द्यायला नको. धीर देणारे इथं तारनाक्याला आमच्या अपार्टमेंटमध्ये पुष्कळ आहेत.

आईला विसरण्याचा आजार आहे. अण्णा होते तेव्हाच सुरू झाला होता, ते गेल्यावर झपाट्यानं वाढला. पुढं पुढं मी तिला बँकेतला कुणी साहेब वाटायला लागलो. "बसा, हे येतीलच आता," असं म्हणून ती मला माझ्याच घरात खुर्ची द्यायची. 'हे' म्हणजे अण्णा. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. सुरुवातीला मी खरं काय ते सांगायचो, आणि प्रत्येक वेळी ती बातमी तिला नव्यानं लागायची. मग मी "ऑफिसला गेलेत" म्हणायला शिकलो. ते ऐकून ती शांत व्हायची.

माझी मोठी बहीण मंगल, आमची अक्का, टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहते. "चालती-फिरती आहे तोवर एकदा आण रे तिला," म्हणून फोनवर रडायची. माझं मन नव्हतं, पण गेलो. विमानातल्या प्रवासाचं काही सांगत नाही, आठवलं तरी घाम फुटतो. तिथं पोचल्यावर अक्काच्या लक्षात आलं की आपण जिला बोलावलं ती आलेलीच नाही. आई तिला 'बाई' म्हणायची. "बाई, तुमचं घर फार स्वच्छ आहे हो. नोकर किती आहेत?" अक्का हसून उत्तर द्यायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायची.

भावोजींना शनिवारी गाडी काढून आडबाजूची छोटी गावं बघत फिरायचा नाद आहे. सकाळी निघायचं, बाहेर जेवायचं, संध्याकाळी परत. आईला घरात कोंडून ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून एका शनिवारी आम्ही सगळेच निघालो. गावाचं नाव लिहीत नाही, अक्कानं नको म्हटलंय. दोनेक तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना कुरणं, गवताचे गोल भारे, मधूनच एखादं चर्च. गावाच्या अलीकडं एक नदी, आपण तिला ओढाच म्हणू, आणि तिच्यावर लोखंडी कठड्यांचा जुना पूल. पूल ओलांडला की गाव. मधोमध कोर्टाची दगडी इमारत, भोवती चौकोनात दुकानं, त्यातली अर्धी जुन्या सामानाची, आणि कोपऱ्यावर एक कॅफे. झालं गाव.

पूल ओलांडला आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "शिरी, काच वर घे रे. धूळ येऊन राहिली."

माझं नाव श्रीकांत. मला शिरी म्हणणारी जगात एकच बाई आहे, आणि तिनं ते नाव टाकून वर्ष उलटून गेलं होतं. मी काच वर घेतली. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही.

"आणि मंगल, किती वाळलीस ग? जावईबापू, तुम्ही सगळं एकटेच खाता काय?"

भावोजींनी गाडी कडेला घेतली. अक्कानं आईचा हात धरला होता. आई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. "काय झालं? असे का परेशान दिसताय सगळे? भूक लागली असेल तर जेवून घेऊ चला."

कॅफेत वाढणारी बाई पन्नाशीची, केसांची शेपटी बांधलेली, सगळ्यांना 'हनी' म्हणणारी. आईनं मेनू स्वतः वाचला. शाळेतल्या इंग्रजीत तिला विचारलं, यात अंडं आहे का, त्यात आहे का. मग तळलेली भेंडी, बीन्स, मक्याचा पाव असं मागवलं आणि वर गोड म्हणून ॲपल पाय. "भेंडी छान तळतात, पण मीठ घालताना हात आखडतो यांचा," म्हणाली. मला विचारलं, "तुझं लग्न पुन्हा कुठं जमतंय का? की एकदा तोंड पोळलं म्हणून जन्मभर ताकच फुंकणार?" मी म्हटलं, "हौ, जमवतो." तिच्याकडून टोमणे खाऊन इतकं बरं वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हसलो असतो.

मध्येच तिनं विचारलं, "हे का नाही आले?" अक्का पटकन म्हणाली, "गुडघे दुखतात त्यांचे. घरीच थांबले." आई म्हणाली, "त्यांचं नेहमीचंच," आणि ॲपल पाय संपवला.

परतताना ती बोलतच होती. घरी गेल्यावर लोणच्याचं काय करायचं ते अक्काला समजावत होती. गाडी पुलावर चढली, पलीकडं उतरली आणि वाक्य अर्ध्यातच थांबलं. जरा वेळानं मागून मऊ, अनोळखी आवाज आला. "अहो, मला नामपल्ली स्टेशनवर उतरवाल का? हे घ्यायला येणार आहेत."

भावोजींच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. ते म्हणाले, या आजारात असं होतं कधी कधी, थोडा वेळ लख्ख आठवतं. मला हे पटलं. खरं सांगतो, फार पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं. खात्री करायला पुढच्या शनिवारी आम्ही दुसऱ्याच एका गावाला गेलो. तसाच चौक, तसंच कॅफे, तळलेली भेंडीसुद्धा. आईनं ती भेंडी कागदी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली, ह्यांच्यासाठी म्हणून. बाकी काही झालं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्या गावाला निघालो. पूल ओलांडला.

"अगं, आत्ताच निघालो ना आपण? परत का वळवली गाडी? काही विसरलं का?"

या वेळी मी मागं वळून बघितलं. आई स्वतःच्या पदराकडं बघत होती. पदर तिनं चिमटीत धरला, उलटासुलटा केला.

"मी निळी साडी नेसले होते," ती म्हणाली. "ही कुणी नेसवली मला?"

ती गणिताची बाई होती. तिला फार वेळ लागला नाही.

कॅफेत तेच टेबल मिळालं. आईनं काही मागवू दिलं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली. अक्का बोलायला लागली तर तिला थांबवून म्हणाली, "तू नक्को. तू रडशील. शिरी, तू सांग. किती दिवस झाले?"

"दोन आठवडे."

"आणि या दोन आठवड्यांत मी कशी होते?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं... अंघोळीचं, विमानातलं, बँकेतल्या साहेबांचं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. पोराचं उत्तर पूर्ण होईपर्यंत न टोकायची तिची सवय होती.

"मागच्या वेळी मंगल खोटं बोलली," मग ती म्हणाली. "हे कुठायत?"

"अण्णा गेले, आई. तीन वर्षं झाली."

"मी होते तिथं?"

"होतीस. तूच त्यांच्या तोंडात पाणी घातलंस."

ती रडली. आवाज न करता, बराच वेळ. वाढणारी बाई आली, टेबलावर रुमालांचा गठ्ठा ठेवला, आईच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि काही न विचारता गेली. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले.

"मग घरी मी त्यांची वाट बघते?" आईनं डोळे पुसून विचारलं.

"रोज."

"आणि तू काय सांगतोस?"

"ऑफिसला गेलेत म्हणतो. मग तू शांत होतेस."

"बरं करतोस," ती म्हणाली. "तेच सांगत जा."

आता मात्र अक्काला राहवेना. इथं घर भाड्यानं घेऊ, ती म्हणाली. मी नोकरी सोडते, श्रीकांत सोडेल, व्हिसा वाढवून घेऊ, वकील बघू. ती भराभर बोलत होती आणि भावोजी नुसती मान हलवत होते. मीही मनात हिशेब मांडत होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंगल, माझं ऐक. या गावात मी एकटी शहाणी राहून काय करू? सकाळी उठायचं आणि हे नाहीत म्हणून समजून घ्यायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी उठायचं. बोलायला कुणी नाही, कुठं जायला नाही. पुलापलीकडं पाऊल टाकायची चोरी. आणि तुम्ही माझ्यामुळं इथं अडकलेले. तिकडं निदान हे ऑफिसात तरी असतात."

"आई, पण तू तू नसतेस तिकडं," अक्का म्हणाली.

"त्याचं दुःख तुला आहे. मला नाही ना?"

मग ती माझ्याकडं वळली. "मला पुन्हा इथं आणायचं नाही. मी रडले, हट्ट केला तरी नाही. शब्द दे."

मी दिला. अक्कानं दिला नाही, पण आईनं तिच्याकडं मागितलाही नाही.

ते कॅफे दुपारीच बंद होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकायला लागले तशी आई स्वतःच उठली. गाडीपाशी दार धरून जरा वेळ उभी राहिली, ऊन पडलेला तो चौक बघितला. "चला. घाबरू नका रे. मला काही दुखणार नाहीये."

भावोजी पायी चालल्यासारखी गाडी चालवत होते. अक्काला आईनं जवळ घेतलं होतं. पूल दिसायला लागला तसा तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शिरी, मी ओळखलं नाही तर रागावत जाऊ नकोस. पुष्कळ वर्षं ओळखलंय मी तुला. तेवढ्यात भागव."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. चाकांखाली पुलाचं लोखंड वाजलं, थांबलं, आणि खांद्यावरचा हात एकदम उचलला गेला.

"माफ करा हं साहेब," आई म्हणाली. "चुकून लागला."

हे असं झालं. त्या गावात काय आहे, मला माहीत नाही. पाणी म्हणाल तर पहिल्या वेळी ती तिथं पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागली होती. हवा म्हणाल तर पुलाच्या दोन्ही बाजूंना तीच. आमचं त्या गावाशी कसलंही नातं नाही, ना या जन्मीचं, ना आणखी कुठलं... असलं बोलायची माझ्यावर पाळी आली, यातच काय ते समजा. अक्का अजूनही एखाद्या शनिवारी एकटी जाते, भेंडी मागवते, आणि तशीच परत येते. तिला तिथं काही होत नाही. येऊन मला फोन करते आणि म्हणते, शब्द गेला खड्ड्यात, तू तिला घेऊन ये.

एकदा मी तिकिटं काढायला बसलो होतो. काढली नाहीत. कारण परत आल्यावर पुष्कळ महिने आई सुखात होती. संध्याकाळ झाली की केस विंचरून दाराकडं तोंड करून बसायची. "हे आले नाहीत अजून?" मी म्हणायचो, "ऑफिसला गेलेत." ती मान डोलवायची. तिनं निवडलं ते बरोबर निवडलं, असं मी स्वतःला समजावायचो. आता ती अंथरुणाला खिळली आहे. एवढा प्रवास तिला झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा तो प्रश्नही मिटला.

पण मधल्या काळात केव्हातरी तिनं विचारणं थांबवलं. नेमकं कधी, ते माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळ होते, दार वाजतं, ती तिकडं बघत नाही. परवा मला ते सहन होईना. मी तिच्याजवळ बसलो आणि तिनं न विचारताच सांगितलं, "अण्णा ऑफिसला गेलेत, आई. येतीलच आता."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. परक्या माणसाकडं बघावं तसं, अगदी अदबीनं.

"कोण?" तिनं विचारलं.