आठ-दहा पाकिटं

माझे यजमान शूर की गुन्हेगार, यावर आमच्या गावच्या वाचनालयात दोन संध्याकाळ वाद रंगला होता. मी शेजारच्याच गल्लीत राहत होते, पण मला कोणी बोलावलं नाही. चहा मात्र आमच्या घरून मागवला, कारण वाचनालयाचा स्टोव्ह बिघडला होता. मी गुळाचा चहा करून पाठवला आणि कप परत आले तेव्हा मोजून घेतले. एक फुटला होता, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आमचं गाव जळगाव आणि पाचोऱ्याच्या मधलं, लहानसं स्टेशन असलेलं. हे तिथे पोस्टात कारकून होते. युद्ध चालू होतं, बेचाळीसची धामधूम नुकतीच उसळली होती आणि वरून हुकूम आला होता की काही घरांची पत्रं वेगळी काढायची. बाहेरगावचा एक माणूस येई, पोस्टाच्या मागच्या खोलीत किटली ठेवून तिच्या वाफेवर पाकिटं उघडी, वाची आणि खळ लावून पुन्हा बंद करी. मग तीच पत्रं पोस्टमन हसतमुखाने घरोघर टाकी. याबद्दल कुठे बोलायचं नाही अशी ह्यांच्याकडून शपथ घेतलेली होती. काही महिने ह्यांनी ती पाळली. एका बाजाराच्या दिवशी मात्र ज्यांची पत्रं फोडली जात होती त्यांची यादी पहाटे चावडीच्या भिंतीला चिकटवली आणि डोंगर ओलांडून हे मोगलाईत निघून गेले. मोगलाई म्हणजे निजामाची हद्द, इंग्रजांच्या पोलिसांना तिथे सहज हात घालता येत नसे.

मला काही सांगितलं नाही. आदल्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी जास्त करायला सांगितल्या, तेव्हा मी वेडी, ह्यांची भूक सुधारली म्हणून खूश झाले. आणि यादी लिहिली ती स्वतःच्याच वळणदार अक्षरात. पोस्टातल्या कारकुनाचं अक्षर गावात कोण ओळखत नाही? डाव्या हाताने लिहिली असती तर? पण अक्षराचा गर्व होता ना. त्या अक्षराचा मला अजून राग येतो.

यादीत चौदा नावं होती. चौदा घरांना धडकी भरली आणि उरलेल्या गावाचा अपमान झाला. कापसाचे एक अडते होते, सभेला खादी आणि पेढीवर मलमल वापरणारे. त्यांनी यादी वरून खाली तीनदा वाचली आणि म्हणाले, "आमनं नाव कसं नही?" दुपारपर्यंत यादीच्या तळाशी शिसपेन्सिलीने त्यांचं नाव आलेलं होतं. फौजदार स्टेशनवर उतरल्याची बातमी आली तसे तेच धावत गेले आणि बोटाला थुंकी लावून ते नाव पुसू लागले. कागद तिथे फाटला, म्हणून फौजदाराने सर्वांत आधी त्यांनाच बसवून ठेवलं. त्या दिवसांत मला हसू आलं ते एवढंच.

वाचनालयातल्या वादाकडे येते. एक बाजू म्हणे, सरकारचं पाप चव्हाट्यावर आणलं, हा वीरपुरुष. दुसरी म्हणे, खरा वीर पळत नाही, छाती पुढे करून तुरुंगात जातो. हे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तुरुंगाचं दार आतून पाहिलेलं नव्हतं. माझं मत कोणी विचारलं नाही म्हणून इथे लिहिते. ह्यांनी शपथ मोडली, तो गुन्हा होता. पळाले ते घाबरून पळाले, मीही पळाले असते. पण पळण्याआधी त्यांनी एक खरं काम केलं. बाकीचे नुसतेच घाबरले.

जळगावच्या एका वकिलांनी मला परिस्थिती नीट समजावून सांगितली. सरकारचं म्हणणं असं की पत्रं कोणी उघडलीच नाहीत, लोकांत घबराट पसरवायला या कारकुनाने खोटी यादी बनवली. हा आरोप टिकला तर कैक वर्षं आत. यादी खरी होती एवढं दाखवता आलं, तर शपथ मोडल्याचा गुन्हा तेवढा राहील, थोडे महिने भोगून माणूस घरी येईल. "उघडून चिकटवलेली आठ-दहा पाकिटं आणा," ते म्हणाले. "खळीचा पिवळा डाग स्पष्ट दिसतो. मग मी त्यांना निरोप पाठवतो, या म्हणून."

मला वाटलं, एवढंच? आमच्याकडे पत्र कोणी टाकत नसे. प्रत्येक घरात खुंटीला एक वाकवलेली तार टांगलेली असे आणि आलेलं प्रत्येक पत्र पाकिटासकट तिच्यात टोचलं जाई. लग्नाची बोलणी, भावाचा रुसवा, मुलगा झाल्याची बातमी, सगळं वर्षानुवर्षं तिथे लटकत राही. यादीतलं एक नाव बाहेरगावचं, ते सोडलं तरी तेरा घरांत मिळून काहीशे पाकिटं असतील. संध्याकाळपर्यंत काम उरकेल असा हिशोब करून मी पिशवी घेऊन निघाले.

पहिल्या घरी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. घरातले वडीलधारे आबा स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "अक्का, तुना मालक देवमानूस शे." मी भिंतीकडे पाहिलं. तार होती, तिच्यावर एक कागद नव्हता. "पत्रं कुठे गेली?" मी विचारलं. "बठ्ठी चुल्हामा टाकी दिन्ही," आबा म्हणाले, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. यादी लागली त्याच सकाळी तेरांपैकी बारा घरांतली पत्रं चुलीत गेली होती. कोणी म्हणालं वाळवी लागली होती, कोणी म्हणालं सुनेने चुकून जाळली. एका घरात मला नारळ दिला. यजमानांना वीर म्हणणाऱ्यांच्या तारा सगळ्यांत स्वच्छ होत्या.

शिल्लक राहिला होता गावाच्या टोकाचा पिंजारी. त्याचा भाऊ मुंबईला गिरणीत होता आणि संपात पुढे असे, म्हणून त्याचं नाव यादीत आलेलं. मी विचारायच्या आत त्याने तारेवरून सगळी पत्रं उतरवली. "माले वाचता येस नही, अक्का," तो म्हणाला. "म्हणीसन बठ्ठं ठेयेल शे." त्यात पाकिटं तीनच होती, बाकी कार्डं. तिन्हींवर पिवळा डाग होता. याचा तुला त्रास होईल, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्रास तर तसाही होणारच आहे, आणि पुन्हा कापूस पिंजायला बसला. उभ्या गावात माझ्याशी सरळ बोललेला हा एक माणूस.

वकिलांनी तिन्ही पाकिटं उजेडात धरून पाहिली. "एकाच घरची आहेत," ते म्हणाले. "सरकार म्हणेल कारकुनानेच फोडली. एखाद्या प्रतिष्ठित घरची हवीत."

असं घर मला माहीत होतं आणि तिथे जायचं मी टाळत होते. यादीतलं शेवटचं नाव माझ्या वडिलांचं होतं. नाना धुळ्याला वकिली करत. आमच्या गावातून त्यांना जाणारी पत्रं वेगळी काढली जात, आणि आमच्या गावातून त्यांना पत्रं लिहिणारी मी एकटी. माझी दोन मुलं पोटातच गेली ते, सासूचं बोलणं, ह्यांच्याशी झालेली भांडणं, सगळं त्या किटलीवाल्याने वाचलं होतं. आणि हे समोर बसून शिक्के मारत होते. यादी करावीशी का वाटली असेल, ते मला तेव्हा समजलं. त्यांना क्षमा मात्र केली नाही.

चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्याला गेले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पंधरवड्याला एक तरी पत्र जात असे. त्यातली गेल्या काही महिन्यांतली आठ-दहा नाना सहज देतील, अशी माझी खात्री होती.

नानांनी मला जवळ बसवून घेतलं. "तुझ्या नवऱ्याने केलं त्याला वाघाचं काळीज लागतं," ते म्हणाले. वकिलांच्या बाररूममध्ये त्यांनी तसं भाषणही केलं होतं.

"नाना, माझी पत्रं द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ती नाहीत आता. बंबात घातली."

"सगळी?"

"सगळी."

आई दारात उभी होती. "बाळंतपणाचं एक मी लपवत होते," ती म्हणाली, "तेही हातातून काढून घेतलं." नानांनी तिच्याकडे पाहिलं तशी ती आत गेली.

"मग कोर्टात येऊन तोंडी सांगाल? पत्रं उघडलेली होती, एवढंच."

"माझी सनद आहे, बाळ. धाकटीचं लग्न जमायचंय." मग अगदी मऊ आवाजात ते म्हणाले, "आणि यापुढे मला पत्र पाठवू नकोस. आम्हीही लिहिणार नाही. तूच समजून घे." मी उठले. त्यांनी टांगा बोलावून दिला आणि भाडं आधीच चुकतं केलं.

वकिलांनी निरोप पाठवलाच नाही. पाठवणार तरी काय? महिन्याभराने मीच डोंगर ओलांडून ह्यांच्याकडे गेले, आणि इंग्रज जाईपर्यंत आम्ही तिकडेच राहिलो. हे एका दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहीत.

तिसऱ्या वर्षी तिथल्या बाजारात धुळ्याकडचा एक कासार भेटला. मला बांगड्या भरता भरता म्हणाला, "वकीलसाहेब गयात, फार वाईट व्हयनं." तोवर नानांना जाऊन चार महिने झाले होते. माझा चेहरा पाहून त्याने हात थांबवला. "तुमले पत्र नही वनं का, अक्का?"

नाही, मी म्हटलं. पत्र पाठवायचं नाही असं आमचं ठरलं होतं.